भंगारात देण्याआधी

जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत, कुणी गटात बसून, कुणी भाकरी थापता थापता हा कार्यक्रम ऐकता, त्या सगळ्या ताई, मावश्या आणि आज्यांना आम्हा गट समन्वयकांचा नमस्कार.

आज आम्ही एका मोटारगाडीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात मोटार कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण गावोगाव गटांच्या बैठकीत एक प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. मालक वारले, त्यांची गाडी गोठ्यात उभी आहे, काय करू? सासऱ्यांचं डिझेल इंजिन आखाड्यावर पडून आहे, भंगारवाला रोज चकरा मारतो, देऊन टाकू का? गटाच्या शिलाई मशीन दोन वर्षं खोलीत बंद आहेत, चालतील का? या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. वर्षानुवर्षं अडगळीत पडलेली वस्तू बाहेर काढायची वेळ आली, तर पहिल्यांदा काय करायचं आणि काय करायचं नाही? ते समजावं म्हणून ही मोटारीची गोष्ट.

गोष्ट खरी आहे आणि फ्रान्स देशातली आहे. तिथं रोजे बायों नावाचे एक गृहस्थ होते. मालवाहतुकीच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला. जुन्या, देखण्या मोटारींचं त्यांना वेड. साधारण 1950-60 च्या काळात लोक जुन्या गाड्या मोडीत काढत होते आणि हे त्या विकत घेत होते. सगळ्या नीट करायच्या आणि एक संग्रहालय उभं करायचं, असं त्यांच्या मनात होतं. पुढं 1970 च्या दशकात धंदा बसला. बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या. संग्रहालय राहूनच गेलं. उरलेल्या गाड्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तशाच उभ्या राहिल्या. वरचे पत्रे गळू लागले, वेली आत शिरल्या, कितीतरी गाड्यांचा सांगाडा गंजून गेला. बायों वारले, नंतर त्यांचा मुलगाही गेला. मग 2014 साली नातवंडांनी ठरवलं की आता याचा निकाल लावायचा.

आता इथं जरा थांबून विचार करा. आपल्याकडं असती तर काय झालं असतं? गंजलेल्या साठेक गाड्या. एकेकीचं वजन एक टनाच्या आसपास. टेम्पो बोलावला असता, काटा लावला असता आणि लोखंडाच्या भावानं दिवसभरात आखाडा मोकळा झाला असता. एका गाडीचे काही हजार रुपये हातात आले असते.

त्या नातवंडांनी तसं केलं नाही. त्यांनी लिलाव करणाऱ्या एका संस्थेच्या जाणकारांना बोलावलं. ते लोक शेड पाहत पाहत एका बंद गॅरेजपाशी आले. आत रद्दीच्या गठ्ठ्यांखाली एक गाडी दबलेली होती. बोनेटवर रद्दी, मागं रद्दी, सगळीकडं बोटभर धूळ. ती निघाली फेरारी. फेरारी ही इटलीतली कंपनी, मारानेल्लो नावाच्या गावातली. तिच्या गाड्या शर्यतीत धावतात. ही गाडी 1961 सालची, उघड्या टपाची, आणि तिच्या जातीच्या गाड्या जगात मोजक्याच बनल्या होत्या. कधीकाळी ती आलँ दलों या फ्रेंच नटाकडं होती, आणि त्याचे या गाडीतले जुने फोटोही होते. तिच्या शेजारी इटलीचीच, माझेराती कंपनीची दुसरी गाडी होती.

आणि आता मुद्द्याची गोष्ट ऐका. त्या जाणकारांनी ती गाडी धुतली नाही. रंग दिला नाही. फाटलं होतं ते शिवलं नाही. धुळीसकट ती पॅरिसला नेली, धुळीसकट लोकांसमोर मांडली, आणि 6 फेब्रुवारी 2015 ला तिचा लिलाव झाला. बोली गेली 1 कोटी 60 लाख युरोच्या वर. युरो हे तिकडचं चलन. त्या वेळच्या भावानं आपले शंभर कोटी रुपयांहून जास्त.

दोन वर्षांनी असंच पुन्हा घडलं. जपानमध्ये एका शेडमध्ये चाळीसेक वर्षं उभी असलेली दुसरी एक फेरारी 2017 मध्ये बाहेर आली. तीही न धुता विकली गेली, 18 लाख युरोला.

आता तुम्ही विचाराल, धुळीला का कुणी इतके पैसे देतं? धुळीला नाही देत, बायांनो. ही गाडी पहिल्यासारखीच आहे, कुणी हात लावलेला नाही, याची ती धूळ म्हणजे साक्ष असते. कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग, तेव्हाचंच कातडं, तेव्हाचंच इंजिन. सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो. रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो, पण मूळचा रंग एकदा खरवडला की परत येत नाही. घेणाऱ्याला नवी चकचकीत गाडी हवी असेल तर ती दुकानात मिळते. त्याला हवी असते ती खरी जुनी.

हे आपल्यालाही नवं नाही. वाड्याच्या ढाळजेचं सागवानी कवाड आठवा. त्यावर निळा ऑइलपेंट फासला की गावात कुणी नाव ठेवत नाही. पण शहरातून जुनी कवाडं, खांब, तुळया घ्यायला येणारा माणूस आधी नखानं रंग खरवडून पाहतो आणि रंगाचं निमित्त करून भाव पाडतो. पितळेच्या जुन्या घागरी आपण वजनावर देतो आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतो. घेणारा मात्र ती घागर वजनावर विकेलच असं नाही.

पण लगेच घरी जाऊन गोठा उपसू नका. जुनी वस्तू म्हणजे लाखाचीच, असं अजिबात नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण या समजुतीवर फसवणारे जगतात. मोबाइलवर तुम्हीही पाहिलं असेल, की पाच रुपयांची जुनी नोट द्या आणि लाखो रुपये घ्या. समोरचा गोड बोलतो आणि मग म्हणतो, आधी कमिशन भरा, आधी टॅक्स भरा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हसुद्धा वापरतात. खुद्द रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये सांगितलं आहे की आम्ही असा व्यवहार करत नाही, असं कमिशन मागत नाही आणि कुणाला मागायला सांगितलेलंही नाही. घेणारा पैसे देतो, मागत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आपल्या भागात कुठल्या शेडात फेरारी निघणार नाही. पण फियाट निघू शकते. फियाट हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. ही पण इटलीचीच कंपनी, आणि 1969 मध्ये फेरारीचा अर्धा हिस्सा तिनंच घेतला. म्हणजे डॉक्टरसाहेबांची किंवा मोंढ्यातल्या अडत्याची ती जुनी फियाट त्या कोट्यवधीच्या गाडीची लांबची नातेवाईकच. आपल्याकडं ती बनायची मुंबईला, कुर्ल्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढं फियाटशी करार झाला, 1954 पासून फियाट 1100 आली. नंतर 1970 च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली होती, तिची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. त्या वेळी किती लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले! ज्या गाडीला वीस वर्षांपूर्वी लोक डबा म्हणायचे, तिचीच चांगली राखलेली गाडी आज शौकीन लोक शोधतात. किंमत शंभर कोटी नाही, पण लोखंडाचा भावही नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानंही हे आता मानलं आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. अट काय? गाडी मूळ रूपात पाहिजे. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदवायची असेल तर शुल्क 20,000 रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे हा खर्च शौकीन माणसानं करायचा. आपण एवढंच ध्यानात घ्यायचं की आपण हौसेनं पत्रा कापून, रंग मारून, इंजिन बदलून ठेवलं, तर घेणाऱ्याचा तो मार्ग बंद होतो आणि आपला भाव पडतो.

आता कामाचं बोलू. समजा तुमच्या घरी अशी वस्तू आहे. गाडी असो, राजदूत असो, बजाजची स्कूटर असो, इंजिन असो. काय करायचं?

पहिलं, घाईनं आत शिरू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेत नाग असतो, विंचू असतो, गांधीलमाशांचं पोळं असतं. दिवसाउजेडी जा, पत्र्यावर काठी आपटा, टॉर्च लावा, पायांत बूट घाला, लेकरांना लांब ठेवा.

दुसरं, काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चारी बाजूंनी, आतून, आणि जिथं जिथं नंबर कोरलेला दिसेल तिथं. धूळ तशीच राहू द्या.

तिसरं, कागद शोधा. गाडी गोठ्यात असते, पण कागद ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, नाहीतर जुन्या पिशवीत असतात. नोंदणी पुस्तक, विम्याची पावती, खरेदीची पावती, लग्नात गाडीपुढं काढलेला फोटो. त्या फ्रान्सच्या गाडीचा भाव नुसत्या लोखंडानं वाढला नव्हता, फोटोनं आणि कागदानंही वाढला होता. आपल्याकडं तर कागद नसेल तर विकणंही अवघड होऊन बसतं.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ही वस्तू कुणाची आहे? मालक वारले की दीर म्हणतो मी बघतो, मुलगा म्हणतो मला कळतं, आणि टेम्पो दारात येतो तेव्हा बाई आत चहा करत असते. मैत्रिणींनो, वाहन हीसुद्धा मालमत्ता आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. त्यांचे हक्क बरोबरीचे. मुस्लिम कुटुंबात वाटे शरीयतप्रमाणे ठरतात. तिथंही पत्नीचा वाटा आहे, लेकरं असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा, आणि लेकींचाही आहे. म्हणजे तुम्हाला न विचारता गाडी विकायचा अधिकार दिराला नाही.

आणि नावावर करून घेण्याची मुदत असते. मालक वारल्यावर 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर वाहन करून घ्यायचं. सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणी पुस्तक, विमा, बाकी वारसांची संमती लागते. मुदत गेली असली तरी घाबरून बसू नका, परभणीच्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा. उशिराचा दंड भरावा लागला तरी नाव लागलेलं बरं. आज चालणाऱ्या गाडीचं हे काम केलं नाही, की तीच उद्या गोठ्यातली बेवारस गाडी होते.

पाचवं, गाडी खरंच मोडीत द्यायची असेल, आणि बऱ्याच गाड्या द्याव्याच लागतात, तर रीतसर द्या. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदावर मालक तुमच्याच घरचा राहतो. तिचा नंबर किंवा सुटे भाग उद्या कुठल्या चोरीत सापडले, तर पोलीस तुमच्या दारात येतील. सरकारमान्य वाहन मोड केंद्रात गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नोंदणी रद्द होते. गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायदाच सांगतो.

सहावं, विकायची असेल तर एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका. निदान तीन ठिकाणी भाव विचारा: एक भंगारवाला, एक गॅरेजवाला, आणि एक जुन्या गाड्यांचा शौकीन. भाव सांगितलेला कागदावर लिहून घ्या. 'आज द्या, उद्या भाव नाही' असं म्हणणाऱ्याला उद्याच या म्हणावं. इतकी वर्षं पडून राहिलेली गाडी एका रात्रीत कुठं पळून जात नाही.

आता एखादीला वाटेल, विकायची नाही, चालू करायची आहे. चांगलं आहे. पण चावी फिरवून घर्रघर्र करत बसू नका. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात तेल खाली उतरलेलं असतं, आतला भाग कोरडा आणि गंजलेला असतो. जोर लावला की तो घासतो किंवा मोडतो. आधी प्लग काढून आत थोडं इंजिन तेल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं आणि मग इंजिन हातानं हळूहळू फिरवून पाहायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होतं, ते काढून टाकी आणि नळ्या साफ करायच्या. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, बॅटरी जोडली की ठिणगी पडून आग लागू शकते. वायरी पाहिल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. ब्रेकमधलं रबर वाळून कडक होतं. म्हणून इंजिन चालू झालं तरी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. चाकं जाम असतील तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. हे सगळं जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या, पण स्वतः तिथं उभ्या राहा. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा आणि डब्यात ठेवा.

आणि हाच नियम गटाच्या शिलाई मशीनला. मशीन दोन वर्षं बंद होती, म्हणून पहिल्याच दिवशी पायडल हाणू नका. आधी पट्टा काढा. सुईखालची पट्टी उघडून धाग्याचा गुंता, कचरा काढा. तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनचं तेल दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हातानं चाक फिरवा. सैल झालं की दोरा न ओवता थोडं चालवा, तेल पुसा, मग जुन्या फडक्यावर शिवून पाहा. घरातलं गोडं तेल घालू नका, ते काही दिवसांनी गोंदासारखं चिकटतं. एवढं केलं तर भंगार ठरवलेल्या मशीनमधून बऱ्याच पुन्हा शिवू लागतील. आणि पुन्हा बंद ठेवायची वेळ आली तर भिंतीपासून लांब, फळीवर, कापड झाकून ठेवा. फ्रान्सच्या त्या साठ गाड्यांतली महागातली फेरारी बंद गॅरेजमध्ये कोरडी राहिली, म्हणून वाचली. उघड्या शेडमध्ये गळत्या पत्र्याखाली होत्या, त्यातल्या कितीतरींचा चुरा झाला.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं आपल्या घरात पडून असलेल्या एका जुन्या वस्तूचं नाव सांगायचं: ती कुणाच्या नावावर आहे, कागद कुठं आहेत, आणि तिच्याबद्दल निर्णय कोण घेणार आहे. सचिवताईंनी ते वहीत लिहून ठेवायचं. गटाच्या मालकीच्या वस्तूंची यादी पण त्याच वहीत करा, मशीनच्या नंबरासकट. ज्या ताईंच्या घरी मालक वारले आहेत आणि गाडी अजून नावावर झालेली नाही, त्यांच्यासोबत गटातल्या दोघीजणींनी आरटीओला जायचं. एकटी गेली की खिडकीवरूनच परत येते, तिघी गेल्या की काम विचारून येतात.

त्या पत्र्याखालच्या गाडीचं मोल तिच्यातच होतं. ते कळायला नातवंडांना फक्त एक गोष्ट करावी लागली: काटा लावण्याआधी जाणत्याला विचारावं लागलं. आपल्या घरातली वस्तू शंभर कोटींची नसेल, पाच हजारांचीच असेल. पण ते पाच हजार कुणाच्या हातात पडणार, हे ठरताना आपण तिथं हजर असलं पाहिजे.

तुमच्या बैठकीत काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. आज इथंच थांबतो.